गढ्याच्या तळ्यातल्या सतरा चवन्न्या

आश्विन शुद्ध प्रतिपदा, घटस्थापना, सन १९३४. सकाळचे सात. रक्कम: सतरा चवन्न्या, पितळेच्या लोट्यात, पाण्यासकट. हजर: मी, माझी बायको आणि जबलपूरलगतच्या गढ्याच्या तळ्यात शिंगाडे लावणारी ढीमरीणबाई. या सतरांपैकी एकही चवन्नी टाकसाळीतून आलेली नव्हती आणि सतराच्या सतरा हलत होत्या.

चवन्नी, म्हणजे आपली चार आण्यांची पावली, हा शब्द ढीमरीणबाईचा. ढीमर म्हणजे आमच्याकडे तळ्यानदीवर पोट भरणारे लोक. मासे धरतात, शिंगाडे लावतात. या बाईचा नवरा जाऊन सहा वर्षे झाली होती आणि तळ्यातल्या शिंगाड्यांचा ठेका तिने एकटीने चालवला होता. बांबूला दोन उलटे घडे बांधायचे, त्यावर पोट टेकून ओणवे व्हायचे, हातांनी पाणी मागे सारत वेलींमधून फिरायचे आणि पानांखालचे शिंगाडे तोडून मागच्या टोपलीत टाकायचे, असे तिचे काम. सगळा दिवस तिचे नाक पाण्यापासून वीतभर अंतरावर असे. काठावरून जाणाऱ्या येणाऱ्याला जे दिसले नाही ते तिला दिसले, त्याचे कारण हेच.

"बाबूजी, पानी में चवन्नियाँ तैर रही हैं," ती दारातूनच म्हणाली.

"काहून सकाळी सकाळी थट्टा करून राहिली?" बायकोने आतून विचारले.

तिने लोटा ओट्यावर ठेवला. "गिन लो, बाईजी."

मोजायचे म्हटले की आमच्या घरात मला बोलवावे लागत नाही. कचेरीच्या आवारातले पाऊस मोजायचे भांडे रोज सकाळी आठ वाजता वाचण्याचे काम तेव्हा अकरा वर्षे माझ्याकडे होते. इंच किती, सेंट म्हणजे इंचाचे शंभरावे भाग किती, हे मी वहीत लिहून वर पाठवत असे. पाऊस नसला तर शून्य इंच शून्य सेंट लिहायचे. रकाना मोकळा सोडायचा नाही, कारण मोकळा रकाना म्हणजे बघणारा गेला नाही, आणि शून्य म्हणजे गेला, बघितले, काही नव्हते. हा फरक मला फार मोठा वाटतो. पुढे त्याचा उपयोग झाला म्हणून इथे सांगून ठेवतो.

मी चष्मा पुसून लोट्यात बघितले. आधी नुसते पाणी दिसले. मग एक गोल, काचेसारखे, चवन्नीएवढे काहीतरी मिटले, उघडले आणि वर आले. मधोमध पांढुरक्या चार रेघांची फुली. कडेला चहूकडून बारीक केसांची झालर. वर आले की ते हालचाल थांबवी आणि झालर पसरून छत्रीसारखे हळूहळू खाली उतरे. पुन्हा मिटे, पुन्हा वर. मी तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा सतरा.

बायकोने त्या दिवशी चार शेर शिंगाडे घेतले. नवरात्राचे नऊ दिवस तिचे उपास असतात आणि उपासाला तिला उकडलेला शिंगाडा लागतो. भाव आण्याला शेर. घरात सुटे नव्हते.

"उद्या ने चार आणे," ती म्हणाली.

"सत्रह चवन्नी मैंने दीं, एक आपसे नहीं निकलती?" ढीमरीणबाई हसली आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली. लोटा मी ठेवून घेतला.

कचेरी सुटल्यावर मी वाचनालयात गेलो. समुद्रातल्या प्राण्यांवरचे एक जाड इंग्रजी पुस्तक तिथे होते. माझ्याआधी ते कोणी नेलेले दिसत नव्हते, कारण पाने जोडलेलीच होती. व्यवस्थापकांकडून सुरी घेऊन मी ती फाडत फाडत पुढे गेलो. चित्र सापडले. छत्री तीच, झालर तीच. खाली नाव होते जेलीफिश. पुस्तकाप्रमाणे हे समुद्रातले जनावर होते. शेवटी एका ओळीत मात्र लिहिले होते की याची काही लहान भावंडे गोड्या पाण्यातही क्वचित आढळतात. समुद्र मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. जबलपुराहून कोणत्याही दिशेला समुद्र शेकडो मैल. तो समुद्र चवन्नीएवढा होऊन माझ्या घरी लोट्यात आला होता, या आनंदात मी सायकल नेहमीपेक्षा जोरात हाणली.

आणि त्याच आनंदात चूक केली. घरी पोचलो तेव्हा बायको फराळाला बसली होती. सोललेला शिंगाडा तिच्या हातात होता.

"नाव सापडलं," मी म्हणालो. "जेलीमासा."

हात वाटेतच थांबला. "काय म्हणालात?"

"जेलीमासा. जेली म्हणजे मुरंब्याचा पाक थिजतो ना, तसलं काही. फिश म्हणजे मासा. शब्दाला शब्द."

तिने शिंगाडा ताटलीत ठेवला आणि ताटली लांब सारली.

"अगं, त्या तळ्यात मासे पहिल्यापासून आहेत," मी म्हणालो. "वीस वर्षं त्याच पाण्यातले शिंगाडे खाऊन राहिलीस."

"ते मासे पाण्यात असतात. पाणी वेगळं, मासा वेगळा. तुमच्या या माशात काय आहे, ते सांगितलं का त्या पुस्तकानं?"

मला खोटे बोलता येत नाही. "बहुतेक सगळं पाणीच."

"झालं तर मग. हा मेला की विरघळणार. मग पाणी कोणतं आणि मासा कोणता, ते तुम्ही मला निवडून द्या. तोवर हे शिंगाडे गाईला."

शिंगाडे गाईला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंनी विचारले की शिंगाडे काहून नाही उकडले, आणि बायकोने खरे ते सांगितले. तिसऱ्या दिवशी आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या मराठी घरांत एकही शिंगाडा शिजला नाही. चौथ्या दिवशी ही बातमी हिंदी घरांत पोचली तेव्हा तिचे रूप असे झाले होते: गढ़ा के सिंघाड़े में मछली का मुरब्बा है. मी जो शब्द घरी उच्चारला तो एकच होता, आणि त्याला जागेवर परत आणायला आता कोणतेही वाहन नव्हते.

त्याच दिवशी ढीमरीणबाई भरलेली टोपली घेऊन आली आणि ओट्यावर बसली. ती रडली वगैरे नाही. उलट चिडलेली होती.

"बाबूजी, चवन्नी मैंने कही थी. मछली किसने कही?"

"मी," मी म्हणालो.

"तो अब बेचो तुम," तिने टोपली माझ्याकडे सरकवली.

मग तिने जे सांगितले ते असे. तळे गढ्याच्या मालगुजारांचे, म्हणजे गावच्या जमीनदारांचे. ठेका वर्षाला अठरा रुपये, शरद पुनवेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला, द्यायचा. शिंगाड्याची मोठी विक्री नवरात्रात आणि एकादशीला. ती बुडाली तर अठरा रुपये उभे राहणार नाहीत आणि तळे दुसऱ्याला जाईल. याहून वाईट म्हणजे मालगुजारांच्या कानावरही गोष्ट गेली होती. त्यांनी तळ्यात माशांची पिल्ले सोडली होती आणि या काचेच्या वस्तू ती पिल्ले खातात असे कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवले होते. दसऱ्यानंतर तळ्यात चुना टाकायचा, सगळे मारून टाकायचे, असे त्यांनी ठरवले होते. चुना पडला की चवन्न्या मरणार, शिंगाड्याच्या वेली मरणार आणि ढीमरीणबाईची पुढली दोन वर्षे त्या पाण्यात जाणार.

"ये चवन्नियाँ आधी कधी पाहिली होतीस का?" मी माझ्या धेडगुजरी हिंदीत विचारले.

"जिस साल ब्याह के आई, उस साल थीं. ससुर ने दिखाई थीं. दिवाली के पहले अपने आप चली गईं."

ते मी वहीत लिहून घेतले. टोपलीतले शिंगाडे मला विकता आले नाहीत. पण दसऱ्याला मी स्वतः मालगुजारांकडे येईन असा शब्द तिला दिला. मधे सहा दिवस होते.

स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या रिकाम्या होत्या. बायकोने त्या मोठ्या नाखुशीने दिल्या आणि पुन्हा कधी लोणच्याला वापरणार नाही असे बजावले. दोन्हींत तळ्याचे पाणी भरले. पहिलीत सात चवन्न्या आणि शिंगाड्याच्या वेलीचा मुळांसकट एक तुकडा. दुसरीत तेवढेच पाणी, तसाच तुकडा, पण चवन्नी एकही नाही. ढीमरीणबाईने दोन्ही बरण्यांत माशांची पाच पाच पिल्ले सोडली. सकाळी कचेरीला जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी आल्यावर, दिवसातून दोनदा, मी बघणार आणि लिहिणार. उरलेल्या दहा चवन्न्या लोट्यातून तळ्यात परत गेल्या.

पाण्यात उन्हाकडे धरून बघितले तर टाचणीच्या डोक्याहून लहान जीव उड्या मारताना दिसतात. ढीमरीणबाई त्यांना पाण्यातल्या पिसवा म्हणे. मी एक एक चमचा पाणी काढून भिंगाखाली त्या मोजल्या. पहिल्या सकाळी दोन्ही बरण्यांत चमच्याला साधारण तीस. दुसऱ्या संध्याकाळी चवन्न्यांच्या बरणीत चमच्याला चार, बिनचवन्नीच्या बरणीत एकवीस. माशांची पिल्ले दोन्हीकडे पाचच्या पाच. चवन्नी पिल्लाला खात नव्हती. एकदा पिल्लू झालरीला घासून गेले आणि झटका बसल्यासारखे दूर पळाले, एवढेच.

चवन्नी कशी जेवते तेही मी भिंगातून पाहिले. ती पाठलाग करत नाही. वर जाते, झालर पसरून खाली येते, आणि वाटेत जी पिसू केसाला लागेल ती जागच्या जागी गळून पडते. मग तो केस आत वळतो आणि छत्रीच्या मधल्या तोंडाशी पिसू पोचवतो. खाल्लेली पिसू काचेतून दिसते. पोटात काय आहे ते जगाला दाखवत फिरणारे दुसरे जनावर मी पाहिलेले नाही.

तिसऱ्या दिवशी एक चवन्नी मेली. संध्याकाळी मोजली तर सहा, सातवी तळाशी पांढुरकी होऊन पडलेली. वेलीच्या मुळांत नखाएवढे दोन झिंगे आले होते, ते तिच्यावर बसले होते. सकाळपर्यंत तिथे काही उरले नव्हते. आणि त्या सकाळी माझ्या देखत माशाच्या एका पिल्लाने झिंग्याचे बारके पिल्लू गिळले.

मी वही घेऊन पुन्हा वाचनालयात गेलो. या वेळी ते प्रकरण पूर्ण वाचले, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. समुद्रातही हेच चालते असे तिथे होते. ही जनावरे पाण्यातले बारीक जीव गोळा करतात. लहान मासे त्यांच्या झालरीखाली आसऱ्याला राहतात. मोठी समुद्री कासवे त्यांच्यावरच जगतात. आणि जी मरतात ती खोल तळाशी जाऊन खेकडे, झिंगे यांच्या तोंडी लागतात. वर उन्हात जे पिकते ते खाली अंधारात राहणाऱ्यांपर्यंत अशा रीतीने पोचते. माझ्या बरणीची उंची नऊ इंच होती. त्या नऊ इंचांत हे सगळे, कासव वगळता, मी पाहिले होते.

पण बायकोचा प्रश्न तसाच उभा होता. तिला कासवाशी काही देणेघेणे नव्हते. मासा की मासा नाही, एवढेच तिला हवे होते. मात्र बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत असल्यामुळे दिवसभर ती तिच्यासमोर होती. वरीचे तांदूळ निवडता निवडता ती बघत असे हे मला माहीत होते, कारण माझे भिंग कधी डब्याच्या झाकणावर, कधी देव्हाऱ्याजवळ सापडे.

"मेलेली होती तिचा वास आला का?" पाचव्या दिवशी तिने मला विचारले.

"नाही."

"मलाही नाही आला. मासळीबाजारावरून टांगा गेला तरी मला रस्ताभर पदर लावावा लागतो," ती म्हणाली आणि पुन्हा वरीचे तांदूळ निवडू लागली.

सहाव्या सकाळी मी मोजायला बसलो. सात होत्या, एक मेली, सहा उरल्या. पुन्हा मोजल्या. सात. चष्मा पुसला. सात. बरणीवर फडके बांधलेले होते, कोणी काही टाकणे शक्य नव्हते. अकरा वर्षांत पावसाचा एक सेंट मी चुकीचा लिहिला नव्हता, आणि इथे एका बरणीत माझा हिशेब फसला होता.

"अगं, तू काही टाकलंस का यात?"

"मी काहून टाकू?"

"काल सहा होत्या. आज सात आहेत."

ती हात पुसत आली आणि भिंग घेऊन वाकली. "ती बारकी बघा. खसखशीएवढी. ती नवी आहे." मग तिने भिंग वेलीच्या देठाकडे नेले. "इथून सुटली. परवापासून इथे एक बोंड होतं. आधी मला वाटलं घाण आहे. मग त्याला कळी आल्यासारखं झालं. काल कळी फडफडून राहिली होती. आज नाही आहे."

मी बघितले. देठावर टाचणीच्या टोकाएवढा, बिनहाताचा, एक आखूड खुंटा उभा होता. मला त्यात काहीही विशेष दिसले नसते. ती तीन दिवस बघत होती म्हणून तिला दिसले होते. पुस्तकातही हे होते, आणि मी वाचलेही होते. हे जनावर लहानपणी दगडाला नाहीतर देठाला चिकटून खुंट्यासारखे राहते आणि त्यालाच पुढे छत्री फुटून सुटते. वाचले होते, पण बरणीत शोधले नव्हते.

बायकोने भिंग खाली ठेवले. "मासा कधी देठाला लागतो का?"

"नाही."

"मासा वास मारल्याशिवाय मरतो का?"

"नाही."

"मग हा मासा नाही. फूल आहे."

इथे मला गप्प बसणे शक्य नव्हते. "फूल नाही. जनावर आहे. ते खातं."

"अहो, तुम्ही एकदा शब्दाला शब्द करून बघितलात ना? त्यानं काय झालं ते बघितलं ना? मग आता तुम्ही शब्द देऊ नका. आकडे द्या."

हा सल्ला मला माझ्या वरिष्ठांपैकी कोणीही कधी इतक्या थोडक्यात दिला नव्हता. मी कागद घेतला आणि चांगल्या अक्षरात, वर हिंदीत आणि खाली मराठीत, लिहिले:

गढ्याच्या तळ्यातला गोल जीव. हाड शून्य. काटा शून्य. खवला शून्य. पर शून्य. डोळा शून्य. रक्त शून्य. वास शून्य. सहा दिवसांत खाल्लेली माशांची पिल्ले शून्य. याला मासा म्हणणारा मी होतो. मी चुकलो.

खाली सही केली. एकही रकाना मोकळा ठेवला नाही. आठ शून्ये. आयुष्यात इतक्या समाधानाने मी शून्य कधी लिहिले नव्हते.

दसऱ्याच्या सकाळी पाऊस शून्य इंच शून्य सेंट नोंदवून मी दोन्ही बरण्या टांग्यात मांडीवर घेतल्या आणि गढ्याला गेलो. शेजारी ढीमरीणबाई बसली होती आणि खड्डा आला की टांगेवाल्याला शिव्या देत होती. मालगुजार ओसरीवर तक्क्याला टेकून बसले होते. वयाने माझ्याएवढेच, आवाजाने माझ्या दुप्पट. मी बरण्या समोर ठेवल्या आणि वही उघडली.

त्यांनी आधी कागद वाचला. "बाबूजी, इतने शून्य लिखने में छह दिन लगे?"

"हर शून्य को दो बार देखा है," मी म्हणालो.

ते मोठ्याने हसले, पण कागद खाली ठेवला नाही. "और मेरी मछली?"

तेव्हा मी त्यांना माझ्या हिंदीत जे सांगितले त्याचा सारांश असा. तुमची तक्रार सगळीच खोटी नाही. चवन्नी पिल्लाला खात नाही, पण पिल्लू जे खाते तेच ती खाते. या बरणीतल्या पिसवा कमी आहेत, त्या बरणीतल्या जास्त. तेवढे नुकसान खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. पण चवन्नी मेली की तळाशी झिंगे तिला खातात, आणि झिंग्यांना तुमचे मासे खातात. जे घेतले ते तळ्यातच राहते. चुना टाकलात तर पिसू जाईल, झिंगा जाईल, शिंगाडा जाईल, तुमची पिल्लेही जातील. चवन्न्या मात्र चुन्याशिवायही जाणारच आहेत.

"यह किस किताब में लिखा है?" त्यांनी विचारले.

"किताब में नहीं," ढीमरीणबाई पायरीवरून म्हणाली. "मैंने देखा है, मालिक. जिस साल ब्याह के आई, उस साल. आपके बाप के राज में. दिवाली के पहले पानी ठंडा हुआ और सब गायब. तब तो किसी ने चूना नहीं डाला था."

मालगुजारांनी बरणीवरचे फडके सोडले आणि एक बोट सरळ पाण्यात घातले. एक चवन्नी वर आली, बोटाला लागली, मिटली आणि बाजूने निघून गेली. त्यांनी बोट काढून धोतराला पुसले, मग नाकाशी नेऊन वास घेतला.

"गंध शून्य," ते म्हणाले. माझा कागद बरोबर होता, एवढ्याच अर्थाने. मग ढीमरीणबाईकडे बघून म्हणाले, "पूनो को पूरे अठारह लाई, तो चूना नहीं. एक पैसा कम, तो तालाब दूसरे का."

"पूरे लाऊँगी," ती म्हणाली.

आता उरली होती एकादशी. दसऱ्याचा दुसरा दिवस. सगळ्या गल्लीचा उपास. सकाळी साडेसातला ढीमरीणबाई दोन टोपल्या घेऊन आमच्या ओट्यावर बसली. माझा कागद मी भिंतीला खळीने चिकटवला होता. लोक येत, वाचत, हसत आणि टोपलीला हात न लावता जात. चार जणांनी वाचला आणि चार जण गेले, हे मी मोजले. माझे आकडे मालगुजारांना पुरले होते, पण गल्लीला पुरत नव्हते.

तेव्हा बायको बाहेर आली. तिच्या हातात बरणी होती आणि मागोमाग काकू होत्या. तिने बरणी ओट्यावर ठेवली, टोपलीतून एक हिरवा शिंगाडा उचलला, दातांनी साल काढली आणि एकादशीच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, कच्चाच खाऊन टाकला.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "आणि तो मासा?"

"मासा नाहीच तो. मी डोळ्यांनी बघितला. देठाला कळी येते, कळीचं हे होतं." तिने काकूंच्या हातात भिंग दिले. "यांनी नाव चुकीचं ठेवलं. पुरुषांना नावं ठेवायची घाई फार."

"मग नाव काय त्याचं?"

बायकोने माझ्याकडे बघितले. फूल म्हणेल अशी मला धास्ती होती. पण तिने ढीमरीणबाईकडे मान वळवली. "जिनं पहिल्यांदा बघितलं तिनं ठेवलंय ना. चवन्नी."

काकू वाकून बघत राहिल्या. खसखशीएवढी चवन्नी आता मोहरीएवढी झाली होती. "लेकुरवाळी आहे म्हणायची," त्या म्हणाल्या आणि मग पदराच्या गाठीतून पैसे सोडत टोपलीशी बसल्या. "दोन शेर दे. ताजे दे, कालचे नको."

त्यानंतरचे मोजायला मला फुरसत मिळाली नाही, कारण तराजू माझ्या हातात आला होता. आठ वाजले तरी मी तोलतच होतो. त्या दिवशी पावसाची नोंद आठ वाजून पंचवीस मिनिटांनी झाली आणि वहीत मी वेळ खरी लिहिली. दोन्ही टोपल्या नऊच्या आत संपल्या हे मला संध्याकाळी कळले. दुपारी ती आणखी तीन घेऊन आली होती आणि त्याही संपल्या होत्या. बायकोने चाळीसेक बायकांना भिंगातून देठ दाखवला होता. त्यांतल्या अर्ध्यांना काहीच दिसले नसणार, असे माझे मत आहे. तिचे मत वेगळे आहे.

उरलेल्या चवन्न्या, खसखशीच्या दाण्यापासून वाढलेल्या त्या एकीसकट, आम्ही दोघांनी टांगा करून गढ्याच्या तळ्यात सोडल्या. बायको आयुष्यात पहिल्यांदाच त्या तळ्याच्या काठाशी इतकी वाकली. दिवाळीच्या आधी थंडी पडली तेव्हा मी पुन्हा जाऊन अर्धा तास बघितले. एकही नव्हती. वहीत शून्य लिहिले.

कोजागिरीच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, ढीमरीणबाईने मालगुजारांच्या ओसरीवर अठरा रुपये मोजून ठेवले. मी हजर होतो. मोजणी तिने माझ्याकडून करवून घेतली आणि मालगुजारांनी ती पुन्हा केली. तळे तिच्याकडे राहिले. चुन्याची पोती आली होती, त्यांतला चुना त्यांनी घराच्या भिंतींना लावला.

परत निघताना मी खिशातून चवन्नी काढून तिच्या हातावर ठेवली. घटस्थापनेच्या चार शेरांची. तिने ती उन्हात धरून उलटसुलट बघितली.

"ये वाली तो डूब जाएगी, बाबूजी," ती म्हणाली आणि चवन्नी कमरेच्या बटव्यात टाकली.

चुकते केले: चार आणे, रोख, ढीमरीणबाईला. येणे शून्य, देणे शून्य.